डुप्लिकेट चावीने दार उघडतं, पण गाडी स्टार्ट होत नाही: दोष नेमका कुठं शोधायचा

नवी चावी करून आणली. रिमोट दाबला की दारं उघडतात, इंडिकेटर लुकलुकतात, चावी इग्निशनमध्ये अडखळत नाही. पण इंजिन एक-दोन सेकंद धरतं आणि बंद पडतं, नाहीतर स्टार्टर फिरत राहतो आणि इंजिन पकडतच नाही. चावीवाला पुन्हा मशीन लावतो, गाडी चालू होते, आणि चार-आठ दिवसांनी परत तेच रडगाणं.

गाड्यांच्या वायरिंगच्या आणि चाव्यांच्या कामात ही तक्रार माझ्याकडे सतत येते. त्यातले बरेच जण ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, बदलण्याचं कोटेशन खिशात घेऊन आलेले असतात, याचं मला फार वाईट वाटतं. अशा तक्रारीत ईसीएमचा दोष क्वचितच निघतो. दोष बहुतेक वेळा चावीच्या मुठीत असतो, नाहीतर चावी नोंदवण्याच्या पद्धतीत, नाहीतर स्टीअरिंगखालच्या एका वायरीत. त्यातलं बरंचसं पैसे न मोजता, घरच्या पार्किंगमध्ये उभं राहून तपासता येतं.

मुठीत तीन वेगळ्या वस्तू आहेत

हे डोक्यात पक्कं बसलं की अर्धं काम झालं. पहिलं पातं: ते फक्त कुलूप फिरवतं. दुसरा रिमोट: त्याला सेल लागतो, आपल्याकडच्या गाड्यांत तो साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि दारं उघडतो-लावतो. तिसरी चिप: तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या तोंडाभोवती तारेची एक कॉइल असते. चावी फिरवली की ती कॉइल १२५ किलोहर्ट्झच्या आसपासचं क्षेत्र तयार करते, चिप त्यातूनच वीज घेते आणि आपली ओळख सांगते. ओळख पटली तरच ईसीएम इंधन आणि ठिणगी चालू ठेवतो. याला इमोबिलायझर म्हणतात, मारुतीच्या भाषेत आयकॅट्स. युरोपात नव्या मोटारींना तो १९९८ पासून सक्तीचा झाला आणि आता आपल्याकडेही अगदी छोट्या गाड्यांत असतो.

म्हणून "दार उघडतंय म्हणजे चावी चांगली आहे" हा निष्कर्ष चुकीचा. दार उघडणं रिमोटचं काम, गाडी चालू होऊ देणं चिपचं. रिमोटचा सेल पूर्ण संपला तरी चिपची गाडी चालू व्हायला हवी. आणि सेल नवा कोरा टाकला तरी चिपचा दोष जाणार नाही. सेल बदलून बदलून दमलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांचा सेल मुळात चांगलाच होता.

आधी डॅशबोर्डवरचा दिवा वाचा

इग्निशन चालू करा, स्टार्टर मारू नका. मीटरमध्ये चावीचं, नाहीतर गाडीवर कुलूप किंवा चावी काढलेलं चिन्ह दिसेल. बहुतेक गाड्यांत ते थोडा वेळ लागून विझतं, म्हणजे चिप ओळखली गेली. ते भराभर लुकलुकत राहिलं किंवा लागूनच राहिलं, तर गाडीने चावी नाकारली. तुमच्या मॉडेलमध्ये दिवा कसा वागतो ते गाडीच्या पुस्तकात एकदा बघून ठेवा, कारण कंपनीगणिक थोडा फरक आहे. गाडी बंद करून लॉक केल्यावर लाल दिवा सावकाश लुकलुकतो, तो दोष नाही. चोराला दिसावा म्हणूनच तो तसा ठेवलेला असतो.

दिवा व्यवस्थित विझतोय आणि तरीही गाडी चालू होत नाही, तर चावीचा नाद सोडा. स्टार्टर टकटक करून थांबत असेल तर बॅटरी बघा. स्टार्टर अजिबात फिरत नसेल तर क्लच स्विच किंवा ऑटोमॅटिकमध्ये गिअरची जागा बघा.

आपल्याकडची एक खास गोष्ट इथंच सांगतो. बेस मॉडेल घेऊन नंतर बाहेरून सेंट्रल लॉकिंग आणि अलार्म बसवलेल्या गाड्या खूप आहेत. त्या अलार्मचा स्वतःचा एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, असतो, तो स्टार्टरची किंवा फ्युएल पंपाची वायर तोडून मध्ये जोडलेला असतो. तो रिले जुना झाला, त्याचा जोड सैल झाला, की गाडी मधूनच बंद पडते आणि नाव चावीचं खराब होतं. कंपनीचा दिवा नीट विझत असताना गाडी मरत असेल आणि डॅशखाली बाहेरचा अलार्म असेल, तर आधी तो रिले बघायला सांगा. इन्सुलेशन टेपने गुंडाळलेला जोड निघाला तर तो कापून सोल्डर करून घ्या.

घरी करायच्या दोन चाचण्या

पहिली चाचणी सोपी आहे आणि तीच सगळ्यांत जास्त सांगून जाते. दोन्ही चाव्या जुडग्यातून काढा, पूर्ण एकट्या. आधी मूळ चावीने गाडी पाच-सहा वेळा बंद-चालू करा, मग नव्या चावीने. दुसरी चावी त्या वेळी गाडीपासून लांब कुणाच्या तरी हातात द्या. मूळ चावी दरवेळी चालते आणि नवी कधीच नाही: नवीत चिप नाही, चुकीची आहे, किंवा नोंदलेलीच नाही. मूळ चालते आणि नवी कधी चालते कधी नाही: चिप मुठीत जागेवर नाही किंवा कमजोर आहे. दोन्ही चाव्या अधूनमधून दगा देतात: दोष गाडीच्या बाजूला आहे, मग चावीवर एक रुपयाही खर्चू नका.

दुसरी चाचणी पहिल्या प्रकारासाठी. नवी चावी इग्निशनमध्ये घाला आणि मूळ चावीची मूठ तिला चिकटवून इग्निशनच्या तोंडाशी धरा. कॉइलचा पल्ला दोन-तीन सेंटिमीटरचाच असतो, त्यामुळे अगदी टेकवूनच. आता चालू करा. गाडी चालू होऊन चालूच राहिली, तर पातं, इग्निशन, कॉइल, ईसीएम सगळं ठीक आहे, फक्त नव्या चावीची चिप ओळखली जात नाही. ईसीएम बदला म्हणणाऱ्याला हीच चाचणी समोर करून दाखवा. मात्र गाडी चालू झाली नाही तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण नव्या चावीत चिप असेल तर दोन्ही चिपा एकाच वेळी उत्तर देतात आणि गाडीला एकही धड ऐकू येत नाही.

हाच गोंधळ जुडग्यामुळेही होतो. सोसायटीच्या गेटचा तो निळा टॅग, ऑफिसचं ॲक्सेस कार्ड, यांतले बरेचसे १२५ किलोहर्ट्झवरच चालतात. ते इग्निशनला लोंबकळत असले तर चिपच्या उत्तरात खोडा घालू शकतात. गाडीच्या दोन्ही चाव्या एकाच कडीत असतील तर मग विचारूच नका. धातूचं शोभेचं कव्हरही काढून बघा. चार दिवस चावी एकटी वापरा, तक्रार गेली तर तिथंच थांबा.

मूठ उघडून बघा

ज्यांनी चावीची झिजलेली केस ऑनलाइन मागवून बदलली आहे, त्यांनी हा भाग लक्षपूर्वक वाचावा.

फोल्डिंग चावीची मूठ कडेच्या खाचेतून चपट्या स्क्रूड्रायव्हरने हलकेच उचकटली की दोन भाग होतात. एका भागात रिमोटची हिरवी पट्टी आणि सेल दिसतो, तो सगळ्यांच्या लक्षात येतो. चिप मात्र अनेक चाव्यांत त्या पट्टीवर नसते. ती प्लॅस्टिकच्या एका खोबणीत वेगळी दडलेली असते: सेंटिमीटरभर लांबीचा काळा, पाचरीसारखा तुकडा, वर ना वायर ना बटण, प्लॅस्टिकचा निकामी तुकडा वाटावा असा. नाहीतर तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी काचेची नळी. केस बदलताना पट्टी आणि सेल नव्या केसमध्ये जातो, आणि हा काळा तुकडा जुन्या केसबरोबर कचऱ्यात. दारं उघडतात, गाडी चालू होत नाही. जुनी केस अजून घरात असेल तर आधी ती शोधा.

चिप जागेवर आहे पण खोबणीत खुळखुळतेय, तर चावी फिरवताना ती कॉइलपासून लांब सरकते आणि गाडी कधी चालू होते, कधी नाही. डबल टेपचा छोटा तुकडा लावून ती घट्ट बसवा. फेव्हिक्विक ओतू नका, पुढं कधी चिप काढायची वेळ आली तर ती तुटेल. काचेची नळी असेल आणि चावी फरशीवर पडली असेल, तर तडा डोळ्यांना दिसत नाही, पण चिप मेलेली असू शकते. चावीवाल्याच्या मशीनवर चिप वाचून बघणं मिनिटाभराचं काम आहे. काहीच वाचलं गेलं नाही तर चिप गेली. काही चाव्यांत चिप आणि रिमोट पट्टीवरच्या एकाच आयसीमध्ये असतात. तिथं वेगळी चिप सापडली नाही म्हणून घाबरू नका.

नोंदणीत होणारा घोळ

सगळ्यांत जास्त मनस्ताप इथं होतो.

चावीवाला ज्या मशीनने गाडीत चाव्या नोंदवतो, त्यात दोन रस्ते असतात. चावीवाले त्यांना "ॲड की" आणि "ऑल की लॉस्ट" म्हणतात. पहिल्यात जुन्या चाव्या तशाच राहून नवी जोडली जाते. दुसऱ्यात गाडीतली ओळखीच्या चाव्यांची यादी कोरी होते आणि त्या वेळी समोर असलेल्या चाव्याच नव्याने नोंदल्या जातात. अनेक गाड्यांत मात्र नुसती नवी चावी जोडायची झाली तरी सगळ्या चाव्या एकाच बैठकीत पुन्हा नोंदवाव्या लागतात. फोक्सवॅगन-स्कोडात तसंच आहे, ह्युंदाई-कियाच्या चिपवाल्या बऱ्याच गाड्यांतही तसंच. जी चावी त्या वेळी हजर नव्हती ती यादीतून बाद. गाडी पुण्यात, दुसरी चावी सांगलीला वडिलांच्या कपाटात. पुण्यात नवी चावी केली, सगळं छान चाललं. दिवाळीला घरी गेल्यावर कपाटातली चावी लावली, तर गाडी ढिम्म. ती चावी बिघडलेली नाही. हजेरीच्या वेळी ती वर्गात नव्हती, एवढंच. पुन्हा सगळ्या चाव्या घेऊन गेलात की ती परत चालेल. पण दर वेळी एकच चावी घेऊन गेलात तर एक चालू करताना दुसरी बंद पडत राहील. "चावी सारखी खराब होते" म्हणणाऱ्यांपैकी अनेकांची गोष्ट नेमकी हीच असते.

म्हणून नियम सरळ आहे: चावीचं कुठलंही काम असो, घरातली एकूण एक चावी बरोबर न्या, बंद पडलेलीसुद्धा. काम झाल्यावर किती चाव्या नोंदल्या गेल्या ते मशीनच्या पडद्यावर दाखवायला सांगा. बऱ्याच गाड्यांत तो आकडा दिसतो.

ह्युंदाई-कियात सहा आकडी पिन लागतो. तो गाडीच्या चॅसी नंबरवरून मिळवतात. अंदाजाने पिन टाकणाऱ्याला लगेच थांबवा. तीन वेळा चुकला की इमोबिलायझर तासभर कुलूपबंद होतो. त्या वेळात बॅटरीचा खांब काढून काही उपयोग नाही, उलट जोडल्यावर तास पहिल्यापासून मोजला जातो. इग्निशन चालू ठेवून शांतपणे तासभर थांबायचं आणि खरा पिन घेऊनच पुढचा प्रयत्न करायचा. गाडी "कायमची लॉक झाली" असं सांगून मोठं बिल लावण्याचा प्रकार अशा वेळीच होतो.

आणखी एक रस्ता म्हणजे क्लोन. यात गाडीला हातच लावत नाहीत. मूळ चिपची ओळख वाचून दुसऱ्या चिपवर उतरवतात, गाडीला दोन्ही एकच चावी वाटतात. काम स्वस्तात आणि पटकन होतं, आणि नीट केलं तर वर्षानुवर्षं टिकतं. पण मूळ चावी हरवली आणि तुम्ही ती यादीतून काढायला गेलात, तर क्लोनही तिच्याबरोबर बाद होईल, कारण गाडीच्या लेखी त्या दोन नाहीतच. शिवाय बऱ्याच जुन्या चिपांचे क्लोन सहज होतात, नव्या कूटलेखनाच्या चिपांचे होतीलच असं नाही. आपल्याला क्लोन मिळाला की नोंदलेली चावी, हे बिलावर लिहून घ्या. हा तुमचा हक्क आहे आणि प्रामाणिक चावीवाल्याला त्यात काहीच अडचण वाटत नाही.

ऑनलाइन स्वस्तात मिळालेली वापरलेली चावी घेऊन येणारेही बरेच असतात. बऱ्याच कंपन्यांच्या चिपा एकदा एका गाडीला बांधल्या की दुसरी गाडी त्यांना स्वीकारत नाही, त्या पुन्हा कोऱ्या कराव्या लागतात आणि सगळ्याच होत नाहीत. परदेशातून मागवलेल्या रिमोटचं आणखी एक दुखणं: अमेरिका आणि जपानसाठीचे बरेच रिमोट ३१५ मेगाहर्ट्झचे असतात. चिप नोंदली जाईल, गाडी चालू होईल, पण दारं कधीच उघडणार नाहीत. ऑर्डर देण्याआधी मूळ रिमोटच्या पाठीवर किंवा आतल्या पट्टीवर छापलेला नंबर जुळवून बघा.

दोष गाडीच्या बाजूला असेल तर

दोन्ही चाव्या दगा देत असतील तर आधी बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीला लावलेला मल्टिमीटर १२.४ ते १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवा. बॅटरी थकली की स्टार्टर मारताना व्होल्टेज खूप खाली जातं, आणि नेमकी त्याच क्षणी चिप वाचायची असते. थंडीतल्या सकाळी होणारी आणि दुपारी न होणारी तक्रार बहुतेक हीच. चावी नोंदवतानाही बॅटरीला सपोर्ट चार्जर हवा, दिवे, एसी, पंखा बंद हवेत. मध्येच व्होल्टेज पडलं तर नोंदणी अर्धवट राहते, आणि "चार दिवस चालली मग बंद" याची सुरुवात तिथूनही होऊ शकते.

बॅटरी चांगली असेल तर कॉइल. स्टीअरिंगखालचं प्लॅस्टिकचं कव्हर दोन-तीन स्क्रूंनी धरलेलं असतं. ते काढलं की इग्निशनच्या तोंडाभोवती काळी कडी आणि तिच्यातून निघालेली बारीक वायरींची जोडी दिसते. इग्निशन लॉक बदललं असेल, स्टीअरिंगचं काम झालं असेल किंवा बाहेरचा अलार्म बसवला असेल, तर तिचा सॉकेट अर्धवट बसलेला सापडतो. सॉकेट काढून पुन्हा टक् आवाज येईपर्यंत बसवा. अशी नुसती दोन वायरींची कडी असेल तर सॉकेट काढून मल्टिमीटरने कॉइलचा रोध बघा. तो थोड्या ओहमचा असतो, मीटर ओपन दाखवत असेल तर कॉइल तुटली आहे. कॉइलची किंमत ईसीएमच्या मानाने काहीच नाही. पिवळी एअरबॅगची वायर मात्र त्याच भागातून जाते. ती दिसली की तिला हात लावू नका, आणि खात्री नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाड वाचायचं यंत्र, लावला तर बिघाडाचा कोड बघून घ्या. पी०५१३ म्हणजे गाडीने चावी चुकीची ठरवली. ह्युंदाई-कियात पी१६९१ अँटेना कॉइलकडे बोट दाखवतो, पी१६९३ चिपकडे. यू०१६७ म्हणजे इमोबिलायझरच्या मॉड्यूलशी संपर्कच तुटला, म्हणजे वायरिंग किंवा फ्यूज. कोड न वाचता कुणी मॉड्यूल बदला म्हणत असेल तर दुसऱ्याकडे जा.

बटण स्टार्टची गाडी

इथं पातं जवळजवळ नावालाच असतं, बाकी तत्त्व तेच. "की नॉट डिटेक्टेड" असा संदेश आला तर मूठ स्टार्ट बटणाला टेकवून, किंवा मुठीनेच बटण दाबून बघा. टोयोटात मुठीवरचा लोगो असलेली बाजू बटणाला टेकवतात. अशी गाडी चालू झाली तर मुठीचा सेल बदला, बहुतेक ठिकाणी सीआर २०३२ किंवा त्याचा छोटा भाऊ लागतो. टेकवूनही चालू होत नसेल तर नोंदणी गेली किंवा मूठच गेली. फोनच्या वायरलेस चार्जिंगच्या पॅडवर किंवा त्याच्या शेजारी चावी ठेवू नका, तो पॅड याच फ्रिक्वेन्सीच्या जवळपास चालतो आणि चावी आत असून गाडीला सापडत नाही.

एकच चावी उरली असेल तर

दुसरी आजच करा. चालणारी चावी हातात असताना नोंदणी सोपी आणि स्वस्त असते. शेवटचीही गेली की टोइंग, पिन मिळवणं, काही गाड्यांत मॉड्यूल रिसेट करणं किंवा अख्खा लॉकसेट बदलणं, असा खर्च वाढत जातो. गाडी नवी घेताना चाव्यांबरोबर मिळालेला नंबर कोरलेला छोटा बिल्ला फेकला नसेल तर तो जपून ठेवा, पातं कापायला त्याचा उपयोग होतो. तो जुडग्यात मात्र अडकवू नका, जुडगं हरवलं तर चावीबरोबर तिचा नंबरही जाईल.

चावी हरवली असेल तर पोलिसांकडे गहाळ झाल्याची नोंद करा, विम्यात चावी बदलण्याचं कव्हर घेतलंय का ते पॉलिसीत बघा, आणि हरवलेली चावी गाडीच्या यादीतून काढून टाकायला सांगा. तिने दार उघडेल, पण गाडी चालू होणार नाही. बंद पडलेली जुनी चावी फेकू नका आणि नव्या चावीचं बिल फाइलला लावा. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी सगळ्या चाव्या मागते आणि एक कमी असली की प्रश्न विचारते.

कामाला जाताना आरसी आणि ओळखपत्र बरोबर असू द्या. ते न बघता चावी करून देणाऱ्याकडे जाऊ नका, तो तुमच्या गाडीची चावी दुसऱ्या कुणालाही तशीच करून देईल. काम झाल्यावर दुकानातून निघण्याआधी प्रत्येक चावी एकटी लावून गाडी चालू करा, इंजिन अर्धा मिनिट चालू राहू द्या, रिमोटची सगळी बटणं दाबा, पात्याने ड्रायव्हरचं दार आणि असेल तर डिकीही उघडून बघा. मगच पैसे द्या.